बेवड : काळ्या रानाचा जुना हिशेब

आमच्या घरी एका कापडी पिशवीत सातबाऱ्याचे जुने उतारे आहेत. बहुतेक १९६० आणि ७० च्या दशकांतले, तलाठ्याच्या हाताने लिहिलेले. वारस, बोजा, बांधाचे भांडण अशी कामे निघाली की लोक सातबारा उघडतात आणि त्यातला 'सात' वाचतात. 'बारा'कडे कुणी बघत नाही. मी गेली काही वर्षे तेवढेच बघत आलो आहे.

गाव नमुना बारामध्ये पिकांसाठी दोन मोठे भाग असतात. एक 'मिश्र पिकाखालील क्षेत्र' आणि दुसरा 'निर्भेळ पिकाखालील क्षेत्र'. आमच्या जुन्या उताऱ्यांत मिश्र पिकांचे रकाने गच्च भरलेले आहेत. खरिपाला ज्वारी आणि तूर, बाजरी आणि तूर, मधेच अंबाडी. रब्बीला शाळू आणि करडई. निर्भेळच्या रकान्यात एखाद्या वर्षी मूग, एखाद्या वर्षी हरभरा. १९९० नंतरचे उतारे चाळताना मिश्रचा भाग हळूहळू मोकळा होत जातो आणि निर्भेळमध्ये एकच शब्द वर्षानुवर्षे उतरत राहतो, सोयाबीन. महसूल खात्याने एकट्या पिकाला 'निर्भेळ' म्हणावे आणि चार पिकांच्या संसाराला 'मिश्र', यात भाषेने आधीच बाजू घेतली आहे असे मला वाटते. दुधात पाणी घातले की भेसळ होते, पण ज्वारीत तूर घातली की काय होते?

याचे उत्तर माझ्या आजीच्या पिढीकडे एका शब्दात होते. तो शब्द म्हणजे बेवड. एखादे पीक निघून गेल्यावर ते रानात जे काही मागे ठेवते आणि ज्याचा पुढच्या पिकाला फायदा किंवा तोटा होतो, तो त्या पिकाचा बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, तुरीचा चांगला, मुगाचा चांगला, ज्वारीचा वाईट. वाटेकऱ्याशी बोली ठरवताना 'मागं काय होतं रानात?' हा पहिला प्रश्न असे. ज्या रानात हरभरा होऊन गेला, त्याची किंमत वेगळी. डोळ्यांना न दिसणाऱ्या आणि वजन न करता येणाऱ्या वस्तूचा हा व्यवहार होता आणि दोन्ही बाजू त्यावर विश्वास ठेवून बोलत.

युरोपातल्या शास्त्राला ही वस्तू सापडायला १८८६ साल उजाडावे लागले. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठी त्यापूर्वी दिसल्या नव्हत्या असे नाही. सतराव्या शतकात इटलीच्या माल्पिघीने त्यांची चित्रे काढली होती, पण त्याला त्या किडीने केलेल्या गाठी वाटल्या. १८८६ मध्ये जर्मनीच्या हेलरीगेलने विल्फार्थसोबत केलेल्या प्रयोगांवरून दाखवून दिले की वाटाण्यासारखी पिके हवेतला नत्र वापरतात आणि त्याचा संबंध या गाठींशी आहे. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंकने त्या गाठींतला जिवाणू वेगळा काढून वाढवला. पुढे त्याला रायझोबियम हे नाव मिळाले. हवेचा चार पंचमांश भाग नत्र आहे, पण तो पिकाच्या उपयोगाचा नाही, कारण त्याच्या दोन अणूंची जोडी तुटता तुटत नाही. ती जोडी तोडण्याचे काम हा जिवाणू मुळातल्या गाठीत बसून करतो आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतो. तुरीची गाठ नखाने चिरून पाहा. आतून गुलाबी निघाली तर कारखाना चालू आहे, हिरवट किंवा तपकिरी निघाली तर बंद पडला आहे.

या शोधाची शाई वाळत होती तेव्हाच, १८८९ मध्ये, इंग्रज सरकारने डॉ. जॉन ऑगस्टस व्होएलकर या रसायनतज्ज्ञाला हिंदुस्थानची शेती सुधारण्याचा मार्ग सांगण्यासाठी बोलावले. त्याचा अहवाल १८९३ मध्ये छापला गेला. शिकवायला आलेला हा माणूस इथल्या रयतेची मिश्र पिके आणि फेरपालट बघून बराच प्रभावित झाला. शेण जाळले जाते याचे मात्र त्याला वाईट वाटले. पण रयत अडाणी आहे म्हणून जाळते असे न म्हणता, तिला सरपण मिळत नाही म्हणून जाळते, तेव्हा सरपणाची राने राखा, असे त्याने लिहिले. आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, जिल्ह्याचे ठिकाण नळदुर्गला होते आणि व्होएलकरचा अहवाल इंग्रजी मुलखासाठी होता. काळी माती मात्र सरहद्द मानत नाही.

आता या मातीविषयी थोडे सांगतो, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर आहे. बालाघाटच्या रांगेने आमच्या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. पश्चिमेला भूम-परंड्याचे पाणी सीनेतून भीमेला जाते आणि पूर्वेला तेरणा-मांजरेचे गोदावरीला. पाऊस साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. डोंगराच्या अंगाला मुरमाड, बरड जमीन आणि नदीकाठाला पुरुषभर खोल काळी. ही काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात या भेगांत हात कोपरापर्यंत जातो. वरची माती भेगांत पडते आणि खालची वर येते, म्हणजे रान स्वतःलाच सावकाश नांगरत असते. पाणी धरून ठेवण्यात हिचा हात कुणी धरणार नाही, पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब या दोन्ही बाबतींत ती मुळातच गरीब आहे. रंग काळा म्हणजे कस जास्त, हा गैरसमज आहे. तो काळेपणा मुख्यतः चिकणमातीशी घट्ट चिकटून बसलेल्या थोड्याशा सेंद्रिय द्रव्याचा आहे.

अशा गरीब मातीतून तेर गावाने रोमपर्यंत व्यापार केला. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर असल्याचे आणि तिथून भरपूर कापड भडोचच्या बंदरात जात असल्याचे लिहिले आहे. हे तगर म्हणजे तेरणाकाठचे आपले तेर. कापड म्हणजे कापूस आणि कापूस म्हणजे काळे रान. त्या रानात कापसाच्या जोडीला काय पेरत, हे पेरिप्लसच्या लेखकाने लिहिलेले नाही. व्यापाऱ्याला बेवडाशी काय देणेघेणे! इथे एक कबुली देतो. तुरीचे फार जुने, ताम्रपाषाण काळातले दाणे तुळजापूरला सापडल्याचे मी एका पुस्तकात वाचले आणि आनंदाने चार जणांना सांगत सुटलो. नंतर कळले की ते तुळजापूर गढी आहे, अमरावती जिल्ह्यातले. आमच्या आई भवानीच्या तुळजापूरचा त्याच्याशी संबंध नाही. हौशी संशोधकाने नावावर भाळू नये.

तेरचा विषय निघाला की गोरोबाकाका येतातच. भजनाच्या नादात चिखल तुडवताना स्वतःचे मूल पायाखाली आले, ती कथा सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातला चिखल महत्त्वाचा वाटतो. कुंभार माती का तुडवतो? तिच्यातली हवा काढण्यासाठी. हवा राहिली तर मडके भट्टीत तडकते. त्याच गावच्या शेतकऱ्याला मात्र मातीत हवा हवी असते. पाऊस पडून गेल्यावर पाणी निचरून मातीच्या कणांत ओल आणि हवा दोन्ही राहतात, त्या अवस्थेला आपण वाफसा म्हणतो. वाफसा आला की पेरणी, वाफसा आला की कुळवणी. पायाला माती चिकटते की नाही हे बघून म्हातारी माणसे वाफसा ओळखत. १९८४ मध्ये अमेरिकेत लिन आणि डोरन यांनी मोजून दाखवले की मातीतल्या पोकळ्यांपैकी साधारण ६० टक्के पाण्याने भरलेल्या आणि बाकीच्या हवेच्या असल्या की जिवाणूंचे काम सर्वांत जोमात चालते. त्यापुढे पाणी वाढले की हवेवर जगणारे मागे पडतात आणि नायट्रेटमधला प्राणवायू काढून श्वास घेणारे पुढे येतात. या दुसऱ्या मंडळींच्या श्वासातून नत्र पुन्हा हवेत उडून जातो आणि त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड या वायूच्या रूपात जातो. त्याच्याकडे पुढे येऊच.

तिसरा शब्द 'तापणे'. 'रान तापलं पाहिजे' असे म्हणत फाल्गुन-चैत्रात नांगरून ढेकळे उन्हात टाकायची. किडीची अंडी आणि तण मरतात हे तर आहेच. पण १९५८ मध्ये केनियात काम करणाऱ्या बर्च नावाच्या शास्त्रज्ञाने याची दुसरी बाजू मांडली. कडक वाळलेल्या मातीला पाणी मिळाले की जिवाणूंची एकदम झुंबड उडते. त्यातून कर्बवायू बाहेर पडतो आणि सेंद्रिय रूपात अडकलेला नत्र पिकाला घेता येईल अशा रूपात मोकळा होतो. माती जितकी जास्त वाळलेली, तितकी ही लाट मोठी. मृगाच्या पहिल्या पावसाचा वास येतो तेव्हा ही झुंबड चालू असते आणि तो वासही मातीतल्या जिवाणूंनीच तयार केलेल्या द्रव्याचा असतो. मृग साधण्याची आपली घाई या लाटेवर स्वार होण्यासाठी होती. पेरा लांबला की ती लाट तणाला मिळते किंवा पाण्याबरोबर खाली जाते.

आपल्या जिल्ह्यात भातखाचरे नाहीत. त्यामुळे दलदलीचा विषय इकडे कशाला, असे कुणी विचारेल. पण पाझर तलाव आहेत, तेही गावोगाव. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आणि तलावाची माती वाहायला गेलेली माणसे अजून घरोघरी आहेत. माझी आई त्यातलीच. त्या कामांतून आणि पुढे रोजगार हमीतून हे तलाव झाले. पन्नास वर्षांत त्यांच्या पोटात आमच्याच रानांची वरची माती जाऊन बसली. तिथे वाफसा कधीच नसतो. हवा नसलेल्या त्या गाळात मिथेन करणारे सूक्ष्मजीव असतात. काठाच्या उथळ पाण्यात काठी खुपसली की जे बुडबुडे येतात त्यात तो असतो. १७७६ मध्ये व्होल्टाने इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठी अशीच काठी खुपसून तो वायू गोळा केला आणि पेटवून पाहिला होता. गोबरगॅसच्या टाकीत आपण याच जीवांना कामाला लावतो.

या मिथेनवरून आपल्या देशाला एकदा जगापुढे उभे राहावे लागले होते. भारतातल्या भातखाचरांतून वर्षाला सुमारे ३.८ कोटी टन मिथेन निघतो, असा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने बाहेरच्या मोजणीवरून काढला होता. १९९१ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने देशभर खाचरांवर पेट्या ठेवून प्रत्यक्ष मोजणी झाली. आकडा निघाला सुमारे ४० लाख टन, म्हणजे अंदाजाच्या जवळपास नववा-दहावा भाग. गंमत म्हणजे भारतात हा अभ्यास नवा नव्हता. हॅरिसन आणि पी. ए. सुब्रमण्य अय्यर यांनी 'दलदलीच्या भातजमिनीतील वायू' हा निबंध १९१३ मध्येच प्रसिद्ध केला होता. तेव्हा हवामानबदल हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता. त्यांना भाताचे मूळ श्वास कसे घेते हे बघायचे होते. दुसऱ्याच्या रानाचा अंदाज आपल्या रानाला लावू नये, हे मी या प्रकरणावरून शिकलो.

गाळाची गोष्ट अजून जुनी आहे. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये, म्हणजे १८८३ च्या सुमारास, डोंगरावरचा पालापाचोळा आणि मेलेले किडेमुंग्या पावसाबरोबर शेतात येऊन जमिनीला कस कसा देत, हे लिहिले आहे. नदीनाल्यांतला आणि तलावांतला गाळ पूर्वीसारखा शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा, अशी मागणीही केली आहे. शासनाची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली २०१७ मध्ये. एवढ्या काळात गाळ काही कुठे गेला नव्हता, तलावाच्या तळाशीच होता. हा गाळ मुरमाड, हलक्या रानात टाकावा. भारी काळीत टाकून वाफसा आणखी लांबतो, खर्च मात्र होतो. गाळ उन्हात आला की मिथेनवाले थांबतात, हवेवाले जागे होतात आणि त्याच्यातला नत्र पिकाला सुटू लागतो. सोबत कर्बवायूही सुटतो. फुकट काहीच नाही.

मग सोयाबीन का आले? दोष देण्याआधी हे समजून घ्यावे लागते. १९६४ मध्ये संकरित ज्वारी आली आणि ७२ नंतर 'हायब्रीड'ची भाकरी घरोघरी झाली. पुढे रेशनच्या गव्हा-तांदळाने ज्वारीचा भाव पाडला. १९८६ मध्ये केंद्राने तेलबिया अभियान सुरू केले. सोयाबीन शंभर दिवसांत निघते, पाखरे राखावी लागत नाहीत, लातूरच्या बाजारात विकले की हातात पैसा पडतो. शिवाय ते द्विदल, म्हणजे बेवड चांगलाच असणार, असे सगळ्यांना वाटले. मलाही वाटले.

इथे हिशेब फसला. सोयाबीनच्या गाठीतला जिवाणू वेगळ्या जातीचा. तूर-मुगाचे जिवाणू आमच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या होते. सोयाबीनचा पाहुणा होता. म्हणून दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम जिवाणूखताचे पाकीट चोळायला सांगतात. ते उन्हात ठेवलेले, मुदत संपलेले असले की पेरणी होते, पण गाठी धरत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे सोयाबीनच्या दाण्यात ४० टक्के प्रथिने, म्हणजे साधारण ६.४ टक्के नत्र असतो. दहा क्विंटल सोयाबीन बाजारात गेले की ६४ किलो नत्र गाडीत बसून गेला. यातला निम्मा हवेतून आला असे धरले, तरी उरलेला रानातूनच गेला. तुरीचे तसे नाही. ती सहा महिने उभी असते, मुळे खोल नेते आणि काढणीआधी रानभर पाने गाळते. पटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत १९८० च्या सुमारास प्रयोग झाले. निव्वळ तुरीनंतर घेतलेल्या मक्याला हेक्टरी सुमारे ४० किलो नत्र दिल्याइतका फायदा दिसला. ४५ किलोच्या युरियाच्या जवळपास दोन पिशव्या झाल्या. आजीच्या 'बेवड चांगला'ची किंमत मला इतक्या नेमकेपणाने पहिल्यांदा तिथे कळली. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की ज्वारीच्या पट्ट्यात मिसळून घेतलेल्या तुरीचा असा फायदा फारसा दिसला नाही, कारण वाटेकरी वाढतात. तेव्हा सातबाऱ्याचा मिश्र रकाना भरलेला होता म्हणून जमीन तुपात होती, असे समजू नये. तो रकाना दुष्काळाचा विमा होता. बेवड फेरपालटीत होता, आणि फेरपालटही गेली.

ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर बैल गेले आणि बैलांबरोबर शेणखत. त्या जागी पिशवी आली. युरियाच्या एका पिशवीत २०.७ किलो नत्र असतो. हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या ढोबळ नियमाप्रमाणे टाकलेल्या नत्राचा एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो; कोरड्या मुलखात निम्मा धरतात. एक टक्का धरला तर एका पिशवीमागे हा वायू सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. थोडाच वाटतो. पण शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कर्बवायूच्या २७३ पट उष्णता धरतो, म्हणजे सुमारे ९० किलो कर्बवायूइतके काम करतो आणि शंभराहून अधिक वर्षे हवेत टिकतो. काळ्या रानात पाणी तुंबलेले असताना कुणी वरून युरिया फेकला, तर श्वास कोंडलेल्या जिवाणूंना आयते ताट मिळते. पैसा शेतकऱ्याचा आणि नत्र हवेचा! 'वाफसा आल्याशिवाय खत देऊ नको', हे सांगायला आंतरराष्ट्रीय मंडळ लागत नव्हते.

यावर उपाय शोधणारे कुणी नव्हते असेही नाही. इंदूरच्या संस्थेत १९२४ पासून आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी आमच्यासारख्याच काळ्या जमिनीच्या मुलखात काडीकचरा, शेण, गोमूत्राची माती आणि राख यांचे थर लावून, ते ठरावीक वेळी उलथून, तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ च्या त्यांच्या पुस्तकावर दोघांचीही नावे आहेत. जगभरच्या सेंद्रिय शेतीवाल्यांना हॉवर्ड पाठ असतो, वाड कुणाला आठवत नाही. पटनचेरूला १९७६ पासून एका काळ्या रानाच्या तुकड्यात रुंद सरीवरंबे, खरिपात ज्वारी-तूर आणि बेताचे खत असे चालवले गेले, तर शेजारच्या तुकड्यात खरीप पड आणि रब्बीत शाळू-हरभरा अशी जुनी रीत ठेवली गेली. पहिल्यात हेक्टरी पाच टनांच्या आसपास धान्य आणि दुसऱ्यात एक टन. सुधारलेल्या तुकड्याने वर्षाला हेक्टरी सुमारे ३३० किलो जास्त कर्बही मातीत साठवला. म्हणजे आमच्या आजोबांची खरीप पड टाकण्याची पद्धत या कसोटीत हरली. जुने ते सगळे सोने म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. जिंकली ती ज्वारी-तुरीची जोडी, तीही आजोबांचीच होती.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परंडा-भूमकडे सीनेकाठची राने खरडून गेली. मी पाणी ओसरल्यावर गेलो होतो. एका रानात नांगराच्या तासाखालचा पिवळा मुरूम वर आलेला. रानमालक तात्या सत्तरीपुढचे. मी त्यांना मातीतल्या जिवाणूंविषयी काही सांगू लागलो तर ते म्हणाले, "वरची इतभर माती गेली बघा. बेवड गेला सगळा." वरच्या त्या वीतभर थरातच बहुतेक जिवाणू राहतात, हे वाक्य माझ्या तोंडात तसेच राहिले. शासनाने खरडलेल्या जमिनीसाठी वेगळी मदत जाहीर केली. तात्यांचा प्रश्न गाळाचा होता. जवळच्या तलावातला आणला तर चालेल का, आणि त्यावर पहिले पीक कोणते घ्यावे? गाळ चालेल, मुरमावर तोच चांगला, असे मी सांगितले. पिकाचे त्यांनीच ठरवले होते. आधी ताग पेरून तो फुलोऱ्यात गाडायचा, मग तूर. गावात कुणाकडे तागाचे बी उरले आहे का, ते विचारत फिरत होते.

आमच्याकडे आता पीक पाहणी मोबाइलवर होते. यंदा धाकट्या भावाने सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन धरल्या आहेत. नोंद करताना त्याने मला बांधावरून हाक मारली, "दादा, निर्भेळ दाबू का मिश्र?"